दात भरण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या खालच्या दाढेवर बारीकसा काळा ठिपका असून दंतवैद्यांनी तिथे खड्डा पडल्याचे सांगितले आहे. दाढ अजिबात दुखत नाही. मग ती आताच भरून घ्यायची गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, आणि ती दुखत नाही तोवरच भरून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण भाग असून वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचा बनलेला असतो. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात आणि नसाही नसतात. त्यामुळे ते किडताना कळ येत नाही आणि मोडलेले हाड जसे सांधते, तसा त्यात पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. ‘कीड’ या शब्दामुळे दातात किडा शिरला असावा अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तेथील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. सुरुवातीला फक्त खडूसारखा पांढरा डाग दिसतो. त्या टप्प्यावर लाळ आणि फ्लोराइड यांच्या साहाय्याने झीज भरून निघू शकते. प्रत्येक काळा ठिपका म्हणजे कीडच, असेही नाही. काही वेळा तो खाचेत बसलेला नुसता डाग असतो. तुमच्या बाबतीत मात्र खड्डा पडलेला आहे.

इनॅमलखालचे डेंटिन त्याहून मऊ असल्यामुळे कीड तिथे पोहोचली की आतल्या आत आडवी पसरते. वरून टाचणीच्या टोकाएवढे दिसणारे छिद्र उघडले की आत ओल्या चामड्यासारखा तपकिरी, मऊ भाग सापडतो आणि चमच्याच्या आकाराच्या बारीक हत्याराने तो पापुद्र्यापापुद्र्याने खरवडून निघतो. रुग्णाला आरशात हे दाखवले, की ‘एवढे आत गेले होते?’ असा प्रश्न हमखास येतो. हा भाग काढून पोकळी घट्ट बंद केली, तर कीड पुढे सरकत नाही आणि दाढेला चावण्याचा ताण पेलता येतो. ठणका लागतो तो बहुधा कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचल्यावर, आणि तेव्हा अनेकदा रूट कॅनल करणे किंवा दात काढणे एवढेच मार्ग उरतात.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी दाताच्या रंगाचे सिमेंट भरून घेतले. थंड पाणी लागते आणि चावताना कळ येते. काही चुकले असेल का?

उत्तर : थंड लागणे काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडेही राहते आणि हळूहळू कमी होते. चावताना येणारी कळ बहुधा भरलेला भाग किंचित उंच राहिल्यामुळे असते. भूल उतरलेली नसताना ही उंची नीट जाणवत नाही. रंगीत कागद चावायला देऊन जिथे गडद ठसा उमटेल तिथे थोडे घासले की भागते. त्यासाठी संकोच न करता परत जा. मात्र दात आपोआप ठणकू लागला, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा सूज आली, तर त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न : माझ्या दाढेत जुनी ‘चांदी’ भरलेली आहे. तिच्यात पारा असतो असे ऐकले. काढून टाकावी का?

उत्तर : ही ‘चांदी’ म्हणजे धातूंचे मिश्रण असून त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, हे खरे, उरलेल्या भागात मुख्यतः चांदी, कथिल आणि तांबे असते. परंतु तो पारा या धातूंशी बांधला गेलेला असून चावताना त्याची अगदी अल्प वाफ सुटते. उलट कोरून काढताना ती तात्पुरती वाढते आणि सोबत दाताचा थोडा चांगला भागही जातो. त्यामुळे शाबूत असलेली चांदी केवळ भीतीपोटी काढू नये. नव्याने दात भरताना मात्र तिचा वापर कमी होत चालला आहे. पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता करारानेही त्याला चालना दिली. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी तर इतर पर्याय निवडणेच योग्य.

पाऱ्यापेक्षा तुमचे लक्ष चांदीच्या कडेकडे असावे, कारण जुन्या भरणीखाली पुन्हा लागणारी कीड तिथूनच शिरते. त्या जागी अन्न अडकू लागले, दात साफ करण्याचा धागा तुटू लागला किंवा जिभेला धारदार कड जाणवू लागली, तर पुढच्या नेहमीच्या तपासणीपर्यंत थांबू नका.