वाचकांचे प्रश्न : जुने लॉन मोवर ठेवावे की काढावे?

प्रश्न : आमच्याकडे पस्तीस वर्षांपूर्वी घेतलेले, ढकलत चालवायचे पेट्रोलवरील लॉन मोवर आहे. वडिलांनी ते फार जपून वापरले आणि आजही दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला ते सुरू होते. घरातील तरुण मंडळींच्या मते आता नवीन घ्यावे, तर वडील म्हणतात की असे इंजिन पुन्हा मिळणार नाही. यात तथ्य किती आणि जिव्हाळा किती?

उत्तर : दोन्ही आहेत. आधी जिव्हाळ्याचा भाग बाजूला काढू. जुनी यंत्रे सरसकट टिकाऊ होती, हे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण त्या काळात विकल्या गेलेल्या यंत्रांपैकी बरीचशी केव्हाच भंगारात गेलेली आहेत आणि आज आपल्यासमोर उरलेली यंत्रे ही मुळात चांगली बनलेली किंवा कोणीतरी निगुतीने सांभाळलेली आहेत. आपले यंत्र टिकले त्याचे पहिले श्रेय कारखान्यापेक्षा वडिलांना द्यावे लागेल.

तरीही त्या बांधणीत काही खरे गुण होते. व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, सिलिंडरच्या बाजूला असलेल्या इंजिनात, म्हणजे साइड व्हॉल्व्ह इंजिनात, पुशरॉड आणि रॉकर (वरचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे आणि तरफा) नसतात, हेड म्हणजे केवळ एक झाकण असते आणि कॉम्प्रेशनचे, म्हणजे पिस्टनने मिश्रण दाबण्याचे, प्रमाण सहास एकच्या आसपास, म्हणजे बेताचे असते. त्यामुळे सुट्या भागांवर ताण कमी पडतो आणि हेड काढून कार्बन खरवडणे हे घरच्या घरी, साध्या पान्यांनी होण्याजोगे काम ठरते. हे इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि धूरही अधिक सोडते. वर व्हॉल्व्ह असलेली इंजिने त्याची जागा घेत गेली ती याच कारणाने, आणि ती जागा त्यांनी योग्यतेने घेतली असे माझे मत आहे. होंडाची जीएक्स ही इंजिनांची मालिका १९८३ मध्ये आली. वरच्या व्हॉल्व्हचे लहान इंजिनही दीर्घकाळ टिकू शकते, हे तिने व्यावसायिक वापरातून दाखवून दिले. म्हणजे टिकाऊपणा जुन्या किंवा नव्या रचनेत नसतो. सिलिंडरमध्ये बिडाची नळी बसवलेली आहे की पिस्टन थेट ॲल्युमिनियमवर घासतो, क्रँकशाफ्टला, म्हणजे पाते फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला, बेअरिंग आहे की नुसते भोक आहे, अशा ठिकाणी तो शोधावा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन इंजिन उत्पादकाने १९५३ पासून ॲल्युमिनियमची हलकी इंजिने मोठ्या प्रमाणावर काढली, तेव्हापासून स्वस्त आणि महाग इंजिनांतील खरा फरक बाहेरून दिसेनासा झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे अशा इंजिनाचे वय वर्षांत मोजू नये, तासांत मोजावे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लॉन मोवरच्या आकाराच्या लहान इंजिनांसाठी उत्सर्जनाच्या दृष्टीने १२५, २५० आणि ५०० तास असे आयुष्याचे तीन वर्ग ठरवलेले आहेत. तेवढे तास भरले की इंजिन बंद पडते असा त्याचा अर्थ नाही. तेवढ्या तासांपर्यंत त्याचा धूर मर्यादेत राहील, एवढीच उत्पादकाची हमी असते. पण घरगुती आणि व्यावसायिक इंजिनांत चौपट अंतर धरले जाते, हे यातून स्पष्ट होते. वर्षाला पंचवीस तास वापर धरला, तर पहिल्या वर्गाचे तास पाच वर्षांत संपतात आणि तिसऱ्या वर्गाचे वीस वर्षांत. आपल्या इंजिनाने एकूण किती तास काम केले असेल, याचा अंदाज वडिलांकडून घ्यावा.

निर्णय मात्र इंजिनाची तपासणी करून घ्यावा. प्लगची वायर काढून ठेवावी, फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवर बसवलेले जड चाक, हाताने उलट दिशेने जोरात फिरवावे आणि कॉम्प्रेशनला भिडल्यावर ते कसे परतते ते पाहावे. झटक्याने उसळून मागे आले, तर पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत असे समजावे; मऊपणे थांबले, तर दम, म्हणजे कॉम्प्रेशन, गेलेला आहे. कॉम्प्रेशन गेजच्या आकड्यावर येथे फार विसंबू नये, कारण पुष्कळशा लहान इंजिनांत सुरू करताना ओढ हलकी व्हावी म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी योजना असते आणि त्यामुळे निरोगी इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. निळसर धूर सतत येत असेल, शाफ्ट हाताने बाजूला हलत असेल किंवा डेकचा, म्हणजे पात्यावरच्या कवचाचा, पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर जिव्हाळा आवरावा. सुटे भाग मिळतात का, हेही पाहावे. टेकमसे या मोठ्या उत्पादकाने २००८ च्या सुमारास इंजिन बनवणे थांबवले आणि पुष्कळशी चांगली इंजिने केवळ भागांअभावी अडचणीत आली.

एका बाबतीत मात्र मी तरुण मंडळींच्या बाजूचा आहे. अमेरिकेत १९८२ च्या मध्यापासून बनलेल्या, मागून चालवायच्या मोवरला असा नियम लागू आहे की दांड्यावरची पट्टी सोडताच पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. आपल्या यंत्राला अशी पट्टी आहे का आणि ती खरोखर काम करते का, हे पाहावे. बऱ्याच घरांत ही पट्टी त्रासदायक वाटते म्हणून तारेने बांधून टाकलेली आढळते. ती बांधलेली असेल तर आजच सोडावी. पट्टीच नसेल आणि आवारात मुले वावरत असतील, तर इंजिन कितीही चांगले असले तरी ते यंत्र मी वापरात ठेवणार नाही.

प्रश्न : काही महिने बंद ठेवलेले मोवर सुरूच होत नाही. नवीन प्लग टाकला, तरी फरक पडला नाही. मेकॅनिक म्हणतो की इंजिन उतरवावे लागेल. ते खरे असेल का?

उत्तर : शक्यता फार कमी आहे. बंद ठेवण्याआधी जे इंजिन नीट चालत होते, ते नुसते उभे राहून झिजत नाही. दोष बहुधा पेट्रोलमध्ये आहे. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात, उरलेला भाग हळूहळू राळेसारखा चिकट होतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटचे केसाएवढे छिद्र बुजते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते तेथे) गंज व पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ३० दिवसांपेक्षा जुने पेट्रोल पेट्रोल टिकवणारे द्रावण (स्टॅबिलायझर) घातल्याशिवाय वापरू नये, असे अनेक उत्पादक सांगतात, आणि १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल तर या इंजिनांना वर्ज्यच मानलेले असते.

त्यामुळे इंजिन उतरवण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर पेट्रोल घालून, सांडलेले पुसून आणि वाफ उडून गेल्यावर प्लग लावून दोरी ओढावी. इंजिन दोन-चार फटके मारून बंद पडले, तर ठिणगी आहे आणि दमही आहे, फक्त कार्ब्युरेटरमधून पेट्रोल पोचत नाही, हे सिद्ध होते. मग फ्लोटची वाटी खोलून मुख्य जेट साफ करावा. त्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत वापरावा; तार किंवा टाचणी घालू नये, कारण पितळेचे छिद्र जरासे मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.

इंजिनाने एकही फटका मारला नाही, तर ठिणगी पाहावी. फार जुन्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे विजेचे संपर्क, असतात आणि दमट जागेत उभ्या राहिलेल्या यंत्रात त्यांच्यावर पातळ थर धरतो. तेवढाच थर ठिणगी अडवायला पुरेसा असतो. तो पुसून पुष्कळशा ब्रिग्ज इंजिनांत पॉइंटचे अंतर अर्धा मिलिमीटर आणि प्लगचे पाऊण मिलिमीटर ठेवतात. इतर बनावटींसाठी त्यांची पुस्तिका पाहावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या इंजिनात हा उपद्रव नाही, तेथे कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारे वेटोळे) आणि फ्लायव्हील यांमधले अंतर तेवढे तपासावे लागते. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल कसण्याची मेकॅनिक मंडळींची रीत बहुतेक वेळा बरोबर ठरते.

पुढच्या वेळी यंत्र ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडावे आणि दोरी सावकाश ओढून जेथे जोर लागतो तेथे थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि सिलिंडरमध्ये दमट हवा कमी शिरते. ही एवढी दहा मिनिटांची कामे टाळली जातात आणि मग नव्या यंत्राच्या जाहिराती पाहिल्या जातात.

प्रश्न : गवतात लपलेल्या दगडावर पाते आदळले आणि यंत्र बंद पडले. आता सुरू करताना दोरी हातातून झटक्याने मागे खेचली जाते. क्रँकशाफ्ट गेला असेल का?

उत्तर : आधी फ्लायव्हीलची चावी पाहावी. फ्लायव्हील शाफ्टवर कोणत्या कोनात बसावे हे ठरवण्यासाठी एक लहान, मऊ धातूची चावी असते. जोर वाहून नेण्याचे काम निमुळता शाफ्ट आणि वरचा नट यांच्याकडे असते, चावीकडे नसते. पाते अचानक अडले की जड फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे सरकते, चावी अर्धवट कापली जाते आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडू लागते. दोरी मागे खेचली जाणे हे त्याचेच लक्षण आहे. चावी बदलणे सोपे आणि स्वस्त आहे, पण त्या जागी पोलादाची 'मजबूत' चावी घडवून बसवण्याचा मोह टाळावा. चावी मऊ ठेवण्यामागे हेतू आहे.

चावी बदलल्यावर यंत्र थरथरत असेल, तर पाते वाकले आहे की शाफ्ट, हे ठरवावे. प्लगची वायर काढून, पाते सुटे केल्यानंतर दोरी सावकाश ओढत शाफ्टचे टोक एका स्थिर खुणेजवळ फिरताना पाहिले की वाकलेपण डोळ्यांनाही दिसते. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करणारे कारागीर असतात. उत्पादक मात्र तसे करू नये असे स्पष्ट सांगतात, कारण सरळ केलेल्या शाफ्टला सूक्ष्म तडे राहू शकतात आणि त्यालाच मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेणारे पाते लटकलेले असते. येथे काटकसर नको.

प्रश्न : आजोबांचे, इंजिन नसलेले, हाताने ढकलायचे सिलिंडरचे यंत्र अडगळीत आहे. ते उपयोगात आणता येईल का?

उत्तर : अवश्य. एडविन बडिंग याने १८३० मध्ये इंग्लंडमध्ये या रचनेचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरचे तंतू सारखे कापणाऱ्या यंत्रावरून त्याला ती सुचली होती. फिरती वळणदार पाती आणि खालचे स्थिर पाते यांच्यात कात्रीप्रमाणे गवत कापले जाते, हे तत्त्व आजही बदललेले नाही. बेअरिंग साफ करून ग्रीस भरावे, घासाईची पेस्ट लावून सिलिंडर उलट फिरवावा आणि मग वर्तमानपत्राचा कागद पूर्ण रुंदीभर स्वच्छ कापला जाईपर्यंत खालचे पाते जवळ आणावे. उंच वाढलेल्या गवतात ते चालणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मोवरमध्ये मोटारीचे तेल चालते का? आणि काही नव्या यंत्रांवर तेल बदलायची गरज नाही असे म्हणतात, ते कसे?

उत्तर : लहान मोवर इंजिनात साधारण अर्धा लिटर किंवा थोडे अधिक तेल असते, बहुतेकांत तेलाचा पंप नसतो, फिल्टरही नसतो, आणि एक चाक किंवा पळी ते तेल आत उडवत राहते. शिवाय इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे तेल मोटारीतल्यापेक्षा अधिक तापते. जुन्या इंजिनासाठी एसएई ३० हे एकश्रेणी तेल सांगितले जाते ते यामुळे. १०डब्ल्यू-३० हे बहुश्रेणी तेलही चालते, पण हवा २७ अंशांच्या वर गेली की ते अधिक जळते, म्हणून पातळी प्रत्येक वापरापूर्वी पाहावी. पंप नसलेले यंत्र तीव्र उतारावर फार वेळ चालवू नये, कारण तेल एका बाजूला जाते आणि पळी कोरडी फिरते. सामान्यतः १५ अंशांची मर्यादा दिलेली असते.

नवीन इंजिनाचे पहिले तेल पाच तासांनंतर बदलावे, कारण त्यात धातूची चूर उतरलेली असते. त्यानंतर २५ ते ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा बदलणे पुरेसे होते. तेलाइतकेच लक्ष एअर फिल्टरकडे द्यावे. फाटलेल्या फोममधून आत गेलेली बारीक धूळ तेलात मिसळते आणि पॉलिशपेपरप्रमाणे रिंगा घासून काढते. फिल्टरविना चालवलेले चांगले इंजिन एका हंगामात दम सोडू शकते. थंडाव्याच्या फिनांमध्ये अडकलेले वाळके गवतही वर्षातून एकदा वरचे कव्हर काढून साफ करावे.

तेल बदलू नका असे सांगणारी इंजिने खरोखर आहेत आणि त्यांच्या हमीच्या काळात तसे केले तरी काही बिघडणार नाही. पण पातळी राखणे आणि घाण बाहेर काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. वरून नवे तेल ओतल्याने तळाशी साचलेली धातूची चूर जात नाही. ज्यांना यंत्र वीस वर्षे वापरायचे आहे, त्यांनी उत्पादकाने दिलेली ही सवलत घेऊ नये. इंजिन गरम असताना ते एअर फिल्टरची बाजू वर येईल असे कलते करून जुने तेल काढून टाकावे. ते जमिनीवर किंवा गटारात न ओतता, वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे.