टोरांटोहून लाँग वीकेंडला आम्ही दोघं मॉन्ट्रियल आणि क्विबेक सिटी करू शकतो का? राहायचं कुठे?

जमतं, दोन्ही जमतात. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे सहज टाकलंय ना, "मिस्टरांचं म्हणणं आहे क्विबेक सिटीत गावाबाहेर हायवेलगत हॉटेल घेऊ, निम्म्या भाड्यात होतं, गाडी आहेच", तेवढ्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. फ्रेंच येत नाही, शाकाहारी आहोत, तिथले लोक उद्धट असतात असं ऐकलंय, हे जे तुम्ही लिहिलंय ते किरकोळ आहे. त्याचं नंतर बघू.

हायवेलगत राहू नका.

आधी अंतरं उरकते. टोरांटो ते मॉन्ट्रियल साधारण 540 किलोमीटर, तिथून क्विबेक सिटी आणखी 250. म्हणजे परतताना एका दमात 800. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर 401 हायवेला लागलात तर टोरांटोच्या पूर्वेच्या ऑशावापर्यंत रांगतच जाल, ते गृहीत धरा. रात्री वाटेतल्या किंग्स्टनला मुक्काम, शनिवारी सकाळी उरलेलं अंतर कापून मॉन्ट्रियल, संध्याकाळी पुढे. रविवार पूर्ण क्विबेक सिटीला. मंगळवारची रजा मिळत असेल तर सरळ टाका.

मॉन्ट्रियलला अर्धा दिवस म्हटलं की तिथे राहणारे चिडतील, चिडू देत. मॉन्ट्रियल हे जगतं, खातंपितं, मोठं शहर आहे, ते पुन्हा कधीही होईल. अर्ध्या दिवसात माँ-रोयालच्या टेकडीवरून शहर बघा, जुन्या शहरात नोत्र-दाम बॅसिलिका आतून बघा (तिकीट आहे, पण त्या निळ्या-सोनेरी छतासाठी द्या), आणि लाकडाच्या भट्टीतला गरम बेगल (कड्यासारखा गोल पाव) पिशवीत घेऊन गाडीत बसा. मधाच्या पाण्यात उकळून मग भाजतात, न्यूयॉर्कच्या बेगलपेक्षा बारीक आणि गोडसर. वेळ उरला तर सेंट जोसेफ ऑरेटरी हे मोठं चर्च. तिथे 283 पायऱ्या आहेत, त्यातल्या मधल्या 99 लाकडी पायऱ्या गुडघ्यांवर चढणाऱ्या भाविकांसाठी राखलेल्या. आपल्याकडे नवसाचं लोटांगण घालतात, तसंच ते. आणि हो, मॉन्ट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं नाही. तुमच्या ओंटारिओ प्रांतात ते चालतं, ती सवय तिथे महागात पडते.

आता मुद्द्यावर.

आम्ही गेलो तो थँक्सगिव्हिंगचा वीकेंड होता, ऑक्टोबर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लालभडक. नवऱ्याने एक्सेल केलेलं. (हा माणूस टूथपेस्ट घ्यायलाही एक्सेल करतो.) एका रकान्यात जुन्या गावातली, तटाच्या आतली छोटी हॉटेलं, दुसऱ्यात सँत-फ्वामधली, आणि खाली हिरव्या रंगात 'बचत'. सँत-फ्वा म्हणजे शहराचाच पश्चिमेकडचा भाग, जुन्या गावापासून गाडीने पाव तास. मॉल, रुंद रस्ते, चौकाचौकात पेट्रोल पंप. टोरांटोच्या उपनगरात, मिसिसागात राहणाऱ्या बायकोला सुट्टीतही मिसिसागातच नेऊन ठेवायचं असेल, तर याहून उत्तम जागा नाही. आमच्या खोलीच्या खिडकीतून टायरचं दुकान दिसत होतं.

संध्याकाळी तिथून गाडी काढून दगडी वेशीतून आत शिरलो. क्विबेक सिटी हे मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत राहिलेलं एकमेव शहर आहे, 1608 साली शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने वसवलेलं, 1985 पासून युनेस्कोच्या यादीत. गाड्यांचा विचार 1608 साली कोणी केलेला नाही, हे आत शिरल्या शिरल्या कळतं. एकदिशा बोळ, उभा चढ, मधूनच फरसबंदी. घिरट्या घालून घालून एका उतारावर जागा मिळाली. शेजारच्या खांबावर एकाखाली एक अशा पाट्या, प्रत्येकीवर वेगळी वेळ, वेगळा बाण, सगळं फ्रेंच. मी म्हटलं, कोणाला तरी विचारू. नवरा म्हणाला, "बाण पलीकडे आहे, आपण अलीकडे आहोत." चला.

जेवायला बसलो. माझ्यापुढे कुट्टूच्या पिठाचं क्रेप, आत चीज आणि मशरूम, कडेला जाळीदार कुरकुरीत झालेलं. आणि समोरचा माणूस दर दोन घासांना फोनमध्ये वेळ बघतोय. गोड काही मागवू का म्हटलं, तर "सँत-फ्वाला जाऊन घेऊ ना काहीतरी." गाडीशी परत आलो तेव्हा वायपरखाली पाकीट. जागा तिथल्या रहिवाशांची होती. दंडाची रक्कम सांगत नाही, हिरवा रकाना त्यात गेला एवढंच सांगते.

रविवारी सकाळी मी स्वतः फोन लावत बसले. तटाच्या आत, गव्हर्नरांच्या बागेजवळ, एका जुन्या घरात चालवलेल्या हॉटेलात कोणीतरी ऐनवेळी खोली सोडली होती. सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट नाही, जिना असा की बॅग आधी वर ढकलायची आणि मग आपण. माझ्या कार्डावर घेतली. गाडी पैसे भरायच्या भूमिगत पार्किंगमध्ये टाकली आणि विसरलो.

आणि मग जे गाव दिसलं ते आदल्या दिवशी दिसलंच नव्हतं. कारण सोपं आहे. दिवसा तिथे टूरच्या बसेस असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात शिवाय क्रूझची मोठाली जहाजं लागतात. पती-शाँप्लेन ही खालच्या गावातली चिंचोळी गल्ली, तिच्यात दुपारी खांद्याला खांदा लागतो. जेवणाची वेळ टळली की ही सगळी माणसं बसमध्ये आणि जहाजात परत जातात, आणि गाव त्यात मुक्कामाला असणाऱ्यांचं होतं. तुम्ही सँत-फ्वाला असाल तर नेमके त्याच वेळी तुम्हीही गाडीची किल्ली शोधत असता.

दिवे लागणीला लेवीची फेरीबोट पकडा. दहा-बारा मिनिटांचा प्रवास, नदी ओलांडून पलीकडचं गाव. पलीकडे फार काही करायचं नाही. परतीच्या फेरीत डेकवर उभं राहायचं. कड्यावर शातो फ्रोंतनाक हळूहळू वर चढत जातं. हे 1893 साली रेल्वे कंपनीने बांधलेलं हॉटेल. त्यात राहायची गरज नाही. ते दिसेल असं राहायचं. वर चढायला 1879 पासूनची फ्युनिक्युलर (रुळांवरून कडा चढणारा डबा) आहे, नाहीतर जिना, ज्याचं नावच मानमोड्या जिना अशा अर्थाचं आहे. पहाटे दुफरँ टेरेसवर जा. लाकडी फळ्यांचा लांबलचक कट्टा, दवाने ओला, बूट चरचर वाजतात, खाली सेंट लॉरेन्स नदी. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक आजोबा त्यांच्या कुत्र्यावर फ्रेंचमध्ये ओरडत होते, बाकी चिटपाखरू नाही.

टेरेसच्या लगतच बागेत एक दगडी स्तंभ आहे, 1828 चा. 13 सप्टेंबर 1759 ला गावाबाहेरच्या अब्राहमच्या पठारावर इंग्रज आणि फ्रेंच भिडले, तासाभरात निकाल लागला. इंग्रजांचा सेनापती वुल्फ रणातच मेला, फ्रेंचांचा मोंकाम दुसऱ्या दिवशी. स्तंभ त्या दोघांचा मिळून एकच आहे. माझा नवरा इतिहासाचा किडा, त्याने तिथे उभ्या उभ्या सांगितलं की ही लढाई ज्या सप्तवार्षिक युद्धातली, त्याच युद्धात फ्रेंचांच्या हातून पाँडिचेरीही गेलं, जानेवारी 1761, पानिपत झालं त्याच आठवड्यात. पुढचा अर्धा तास तो कॅनडा, सदाशिवरावभाऊ आणि इब्राहिमखान गारदी यांच्यात फिरत होता. पैशांचं नाव नाही. सँत-फ्वाच्या टायरच्या दुकानासमोर हे झालं नसतं.

आता मंडळाच्या गणपतीत हाच माणूस चारचौघांत सांगतो, "आम्ही तटाच्या आत राहिलो होतो." घरी मात्र अजून त्याचं म्हणणं असं की दंड झाला म्हणून मी जिंकले, नाहीतर हिशेब त्याचाच बरोबर होता. म्हणून तुमच्या मिस्टरांसाठी, आणि आमच्याही, स्पष्ट लिहिते. दंड बाजूला ठेवा. सँत-फ्वाला राहून रोज आत यायचं तर रोजचं पार्किंग आहे, पेट्रोल आहे, शिवाय जेवताना ज्याला गाडी चालवायची आहे त्याने वाइनचा ग्लास नुसता बघायचा आहे. "हॉटेल काय, झोपण्यापुरतं, दिवसभर तर बाहेरच असतो" हे वाक्य नायगराला ठीक आहे. इथे गाव रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊच्या आत बघायचं असतं. दोघंच जाताय, मुलं बरोबर नाहीत, तर एकच रात्र राहा, पण आत राहा. पैसे कमी पडत असतील तर मॉन्ट्रियल गाळा.

फ्रेंचचं म्हणाल तर आधी "बोंझूर", मग इंग्रजी. एवढं पुरतं. जुन्या गावात हॉटेल-रेस्टॉरंटवाले इंग्रजी बोलतात, मॉन्ट्रियलमध्ये तर प्रश्नच नाही. लोक उद्धट आहेत असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, ते बहुतेक दुकानात शिरून थेट इंग्रजीत सुरू झाले असतील. 1977 च्या कायद्यापासून तिथे पाट्यांवर, कामावर फ्रेंच आधी, 2022 मध्ये ते आणखी कडक केलंय. कायद्याचे जाच आहेत, तिथल्या इंग्रजी भाषकांना विचारा. पण भाषा टिकली ती लोक आधी आपली भाषा बोलतात म्हणून. आपण दादरला टॅक्सीवाल्याशी स्वतःहून हिंदीत सुरू होतो आणि मराठी पाट्यांसाठी सुप्रीम कोर्टाला 2023 मध्ये दुकानदारांना मुदत घालून द्यावी लागते. असो, विषय वेगळा आहे.

शाकाहारी माणूस उपाशी राहात नाही, पण विचारा. पुटीनवरची (फ्राइज, चीज आणि वर ग्रेव्ही) ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाच्या रसाची असते, कांद्याच्या सूपचंही तेच, वाटाण्याच्या पारंपरिक सूपमध्ये हॅम पडतं. बेगलच्या पिठात अंडं असतं. डोसा किंवा थाळीची तल्लफ आली तर मॉन्ट्रियलमध्ये पार्क-एक्स्टेन्शन या भागात जा, क्विबेक सिटीत फारशी आशा ठेवू नका. वाटेत खायला थेपले-दशम्या घ्याच, 401 वरच्या सर्व्हिस सेंटरचं खाणं दोघांत भांडण लावतं.

मोंमोरँसीचा धबधबा गावाबाहेर दहा-पंधरा मिनिटांवर, 83 मीटर, उंचीने नायगराला मागे टाकतो, रुंदीने नाही. सोमवारी निघायच्या आधी तासभर ठेवा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. कॅनडा डेचा वीकेंड असेल तर 1 जुलैला मॉन्ट्रियलमध्ये निम्मं शहर घर बदलत असतं, भाडेकरार तेव्हाच संपतात. फुटपाथवर सोफे, रस्त्यात ट्रक, तेव्हा गाडी घेऊन शिरू नका. हिवाळ्यात जुन्या गावातले चढ बर्फाने निसरडे होतात, बुटांना खाली काटे लावून मिळतात ते लावा. गाडी टाळायची असेल तर रेल्वे आहे, मॉन्ट्रियलला बदलावी लागते, पण क्विबेक सिटीचं स्टेशन तटाच्या पायथ्याशीच आहे.

आणि सासू-सासरे ऐनवेळी "आम्हीही येतो" म्हणाले तर वरचं राहण्याबद्दलचं सगळं रद्द. गुडघ्यांना ते जिने झेपणार नाहीत. मग सँत-फ्वाच घ्या, लिफ्ट असलेलं, सकाळचा नाश्ता धरून. तिथे पार्किंग फुकट मिळतं, हे खरंच आहे.