इस्त्री फिरवू नका, दाबा: घरच्या टी-शर्ट प्रिंटबद्दल

तुमचे प्रश्न तीन आहेत. पांढऱ्या टी-शर्टवरचं चित्र दुसऱ्याच धुण्यात तडकलं, काळ्या टी-शर्टवर चित्र जवळजवळ दिसलंच नाही, आणि आता हीट प्रेस, म्हणजे कापडावर चित्र उष्णतेने दाबून बसवणारं यंत्र, घ्यावा का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो: एवढ्यात घेऊ नका. तुमच्या दोन्ही अडचणी घरच्या इस्त्रीनेच सुटतील.

काळ्याचं कारण सरळ आहे. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा रंग म्हणजे कोरा राहिलेला कागद. ट्रान्स्फर पेपर म्हणजे ज्यावर चित्र छापून ते इस्त्रीने कापडावर उतरवतात तो कागद. फिकट कापडाच्या ट्रान्स्फर पेपरवरचा थर पारदर्शक असतो, त्यामुळे खालचा काळा रंग वर येतो आणि चित्र बुडतं. गडद कापडासाठी पेपर वेगळा मिळतो, त्याचा थर पांढरा आणि अपारदर्शक असतो. पण त्याची रीतही वेगळी आहे. फिकट कापडाच्या पेपरवर चित्र मिरर करून छापायचं, पालथं ठेवायचं आणि कागदाच्या पाठीवर इस्त्री दाबायची. गडद पेपरवर चित्र सुलटंच छापायचं, मागचा कागद आधी सोलून काढायचा, चित्र वर तोंड करून ठेवायचं आणि त्यावर बेकिंग पेपर घालूनच इस्त्री लावायची. मेणकागद चालत नाही, त्याचं मेण कापडात उतरतं.

पाकिटावर आणखी एक गोष्ट बघा: पेपर इंकजेटचा आहे की लेझरचा. इंकजेटचा पेपर लेझर प्रिंटरमध्ये अजिबात घालू नका. आतल्या तापलेल्या रोलरवर त्याचा थर वितळून चिकटतो आणि प्रिंटर कामातून जातो.

आता तडकण्याबद्दल, कारण खरा घोळ तिथेच आहे. बहुतेक जण पेपरला दोष देतात आणि महागडा पेपर आणतात. माझं मत स्पष्ट आहे: दहातल्या नऊ वेळा दोष दाबण्यात असतो. पेपरवरचा थर उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा असतो. तो मऊ होऊन धाग्यांच्या आत शिरला तर टिकतो. नुसता वर बसला तर कापड ताणलं गेलं की फुटतो. कपड्याच्या चुण्या काढताना आपण इस्त्री सरकवत राहतो, हाताला तीच सवय असते. इथे सरकवली तर उष्णता एका जागी पुरेशी वेळ थांबतच नाही, शिवाय पेपर हलून चित्र पुसट होतं. म्हणून इस्त्री ठेवायची, अंगाचा भार देऊन दाबायची, उचलायची आणि शेजारी ठेवायची. प्रत्येक वेळी आधीच्या जागेवर थोडी चढू द्या. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात, त्यांच्याखाली ना नीट दाब पोचतो ना उष्णता, आणि नेमके तिथेच पुढे फोड येतात. पाकिटावर दिलेली वेळ एका जागेची आहे की अख्ख्या चित्राची, तेही नीट वाचा. बरेच जण इथेच फसतात.

इस्त्रीचं टेबल या कामाला निरुपयोगी आहे. त्याची गादी दाब खाऊन टाकते. कणखर, कमी उंचीच्या टेबलावर सुती उशीचा अभ्रा घडी न पडू देता पसरा आणि त्यावर काम करा. वाफ बंद, टाकीतलं पाणी काढलेलं, खटका सुती कापडाच्या खुणेवर. टी-शर्ट आधी फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुतलेला हवा, आणि चित्र ठेवण्याआधी ती जागा इस्त्रीने कोरडी करून घ्या. कापडात ओल राहिली की तिची वाफ होते आणि थर उचलून धरते.

फिकट कापडाच्या पेपरचा कागद गरम असताना सोलायचा की गार झाल्यावर, हे पेपरवर अवलंबून आहे. काहीही असलं तरी आधी फक्त एक कोपरा उचला. कागदाबरोबर थर वर येताना दिसला तर कोपरा परत बसवा आणि पुन्हा दाबा. सोलून झाल्यावर वर बेकिंग पेपर ठेवून एकदा १०-१५ सेकंद दाबा. मग टी-शर्ट उजेडात तिरका धरून बघा. चित्राच्या आरपार कापडाची वीण उमटलेली दिसली की थर आत गेला. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत चमकत असेल तर अजून दाबायला हवं. ही तपासणी मी कधीच चुकवत नाही.

चित्र निवडतानाही विचार करा. छातीभर पसरलेला भरीव चौकोन पुठ्ठ्यासारखा कडक वाटतो, हवा जात नाही आणि तोच आधी तडकतो. मोकळी जागा असलेली चित्रं टिकतात. फिकट पेपरवर कडेने २-३ मिलिमीटर सोडून कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा धुण्यात सगळ्यात आधी सुटतो. गडद पेपर मात्र अगदी रेषेवर कापा, नाहीतर पांढरी कड दिसते. नुसती नावं आणि नंबर हवे असतील तर ट्रान्स्फर पेपरपेक्षा इस्त्रीने चिकटणारं व्हिनाइल, म्हणजे अक्षरं कापून लावायचा रंगीत प्लास्टिकचा पातळ ताव, कितीतरी चांगलं.

कापड शंभर टक्के सुती घ्या. पॉलिस्टर इतकी उष्णता सोसत नाही, त्यावर चकाकीचे डाग पडतात. लाल पॉलिस्टरचा रंग तर वरच्या पांढऱ्या थरात उतरून तो गुलाबी करतो.

पहिलं धुणं किमान २४ तासांनी. टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा. ब्लीच नको, चित्रावर ब्रश नको, पिळणं नको. इंकजेटमध्ये डाय शाई (द्रवात विरघळलेल्या रंगाची) असेल तर रंग लवकर फिका होणार हे धरून चाला. पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) धुण्यात जास्त टिकते.

तडकलेले टी-शर्ट टाकून देऊ नका. बेकिंग पेपर ठेवून पुन्हा नीट दाबलेत तर सुटलेल्या कडा परत बसतील. पडलेल्या भेगा मात्र भरून येणार नाहीत.