बाग उकरतो, पण उंदीरही धरतो!

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. भाच्याची पुण्याहून बदली झाली आणि त्याचा जॅक रसेल टेरिअर जातीचा कुत्रा, शेरू, आमच्याकडे आला. वय दीड वर्ष. अबोलीचे ताटवे त्यानं उकरून टाकले, दिवसभर भुंकतो. धान्याच्या खोलीतले उंदीर मात्र धरतो, म्हणून सासूबाई खूश आहेत. त्याला बांधून ठेवू का? उन्हाळ्यात कसं सांभाळायचं?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, बांधू नका. उकरणं थांबेल, पण भुंकणं दुप्पट होईल. इंग्लंडात डेव्हनकडं जॉन रसेल नावाचे पाद्री होते. त्यांनी १८१९ च्या सुमारास ट्रम्प नावाची कुत्री घेतली, तिच्यापासून ही जात पुढं आली असं सांगतात. कोल्ह्याच्या बिळात शिरायचं, त्याला मारायचं नाही, भुंकून बाहेर काढायचं, हे या कुत्र्यांचं काम. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी ही त्याची नोकरीच झाली! पाच-सहा किलोचा जीव, पण रिकामा बसला की घर डोक्यावर घेतो.

परसात एका कोपऱ्यात वाळू ओता, तिच्यात चेंडू नाहीतर भाकरीचा तुकडा पुरा आणि 'शोध' म्हणा. अबोलीला तेवढी जाळी लावा. पावसाळ्यात आपली काळी माती त्याच्या बोटांच्या बेचक्यात गच्च वाळून बसते आणि आत कातडी सोलते. रोज संध्याकाळी पंजे कोमट पाण्यानं धुऊन कोरडे करा.

आता उंदीर. सासूबाईंचा आनंद समजतो, पण माझी खरी काळजी तिथंच आहे. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार होतो. तो कुत्र्याला होतो आणि त्याच्यापासून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. दुसरं म्हणजे विषाचे गोळे. झिंक फॉस्फाइड या उंदराच्या विषावर उतारा नाही आणि विष खाल्लेला उंदीर शेरूनं खाल्ला तरी धोका आहेच. घरात, गोठ्यात विष ठेवूच नका. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. खाल्ल्याची शंका आली तर दूध-तूप पाजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात फिरणं सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यावर. डांबरावर तुमचा हात टेकवत नसेल तर त्याचे पाय कसे टेकणार? गोचीड रोज बघा, विशेषतः कानात आणि बोटांमध्ये. जनावरं जवळ असली की त्या येणारच. ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर रक्त तपासा. कांदा-लसणाचं पिठलं लेकरं लाडानं देतात, ते बंद. रस्त्यावर पट्टा सोडू नका. मुंगूस किंवा साप दिसला की हाक त्याच्या कानात शिरतच नाही, आणि सापापुढं तो मागं हटत नाही.

भाच्याकडून लसीचं कार्ड मागवा. रेबीजची नोंद असेल, लेप्टोची आहे का ते बघा. नसेल तर पहिल्यांदा काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढं दरवर्षी एक. तोवर धान्याच्या खोलीचं दार लावून घ्या, सासूबाईंना माझं नाव सांगा.