ऑपरेशन मंगळवारी, कल्चरचा रिपोर्ट गुरुवारी

प्रश्न : आम्ही तासगावजवळ राहतो. मिस्टरांचा मूत्रनलिकेतला खडा सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीने काढला, आत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी नळी, ठेवला. आधी ताप नव्हता, दुखणं गोळ्यांनी थांबलं होतं. सोमवारी लघवी कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला दिली, मंगळवारी ऑपरेशन, बुधवारी डिस्चार्ज. गुरुवारी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. फोन केला तर ‘स्टेंटमुळे होतं, पॅरासिटामॉल द्या’ म्हणाले. शुक्रवारी पहाटे बीपी उतरलं. मिरजेत पाच दिवस आयसीयूत होते. याला दोन महिने झाले. पहिला दवाखाना फाईल देत नाही. ‘इन्फेक्शन होऊ शकते’ असं छापलेल्या संमतीपत्रावर आमची सही आहे. दाद मागता येईल का?

उत्तर : ताई, कायद्याचं नंतर बोलू. स्टेंट निघाला का, हे तुम्ही लिहिलंच नाही. तो सहसा काही आठवड्यांतच काढतात. राहून गेला तर त्यावर क्षार साचतात आणि पुन्हा जंतुसंसर्ग होतो. निघाला नसेल तर मिरजेच्या डॉक्टरांना उद्याच दाखवा.

आता सहीचं. ती सही धोका माहीत असल्याची आहे, हयगय चालेल अशी नाही. पण खड्याच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालं एवढ्यावर दावा टिकत नाही, हेही खरं. सगळी काळजी घेऊनही काहींना ते होतं. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितलं, की त्या कौशल्याच्या साधारण डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली की नाही, हे पाहायचं.

म्हणून तुम्ही लॅबमधून आणून पत्रासोबत पाठवलेला कल्चरचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. त्यावर वेळ आहे गुरुवार, दुपारी 1.40. जंतू ई. कोलाय, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर ‘आर’, म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळी तीच आहे! कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, आणि लघवीत जंतू निघाले तर आधी योग्य अँटिबायोटिक देऊन मग खड्याला हात लावायचा, ही यूरोलॉजीतली सर्वमान्य पद्धत आहे. तुमचं ऑपरेशन ठरवून केलेलं, थांबायला वाव होता. तरी ‘दुखणं जास्त होतं, थांबता आलं नाही’ असा बचाव येईल, आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. मला गुरुवारची संध्याकाळ जास्त वजनदार वाटते. रिपोर्ट दुपारीच तयार होता. ऑपरेशन होऊन तीन दिवसही न झालेल्या पेशंटला हुडहुडी भरली आहे असं कळूनही कुणी तो उघडून पाहिला नाही, लगेच घेऊन या म्हटलं नाही. त्या फोनची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. मिरजेच्या कल्चरमध्येही ई. कोलायच निघाला असेल, तर दुवा जुळतो.

फाईल मागणं हा तुमचा हक्क आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार अर्ज केल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज मिस्टरांच्या सहीने करा, पोच घ्या. घेतला नाही तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. ऑपरेशनची नोंद, आधी दिलेलं अँटिबायोटिक, नर्सिंग चार्ट हे सगळं नाव घेऊन मागा.

पोलिसांत जाऊ नका. फौजदारी खटल्याला घोर निष्काळजीपणा लागतो, ते इथे सिद्ध करणं अवघड आहे. तुमची जागा सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि उपचारांपोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. मिरजेचं बिल, बुडालेली मजुरी, झालेला त्रास, सगळं मागता येतं. त्याआधी दुसऱ्या एखाद्या यूरोलॉजिस्टचं लेखी मत मिळवा. मिळायला वेळ लागतो, डॉक्टर डॉक्टरांविरुद्ध लिहायला कचरतात, म्हणून फाईल हातात आली की लगेच त्या मागे लागा.