रणांगण न दाखवता युद्धकथा लिहिता येईल का?

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. त्यांच्यावर कादंबरी लिहायची आहे. परंतु लढाईचे मला ज्ञान नाही. लिहावी का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : अवश्य लिहावी. विश्राम बेडेकर यांच्या १९३९ सालच्या ‘रणांगण’ या कादंबरीत, नाव तसे असूनही, आघाडीवरची लढाई नाही, युरोपातून निघालेली बोट, तीवरील ज्यू निर्वासित आणि नायक चक्रधर व त्यांतलीच एक तरुणी हॅर्टा यांना लाभलेले मोजके दिवस, एवढ्यातूनच युद्धाने माणसांचे काय केले ते उमगते. चक्रधर मुंबईला उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही.

आपणही घरापासून आरंभ करावा. सैनिकांची पत्रे सेन्सॉरच्या हातून जात, म्हणून ठिकाण किंवा तुकडीच्या हालचाली लिहिता येत नसत. त्यातच घरी अहिराणी बोलणाऱ्या आजोबांनी पत्र प्रमाण मराठीत, कदाचित दुसऱ्याकडून, लिहवून घेतले असेल, तर त्यांच्या मनातले आजीपर्यंत किती पोहोचले, हाच कथेचा गाभा ठरू शकेल. (आजीची बाजू बहुतेक लेखक विसरतात.) लढाईचे तपशील ग्रंथालयात मिळतील, ती पत्रे आजीला कोण वाचून दाखवत असे, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना लवकर विचारून घ्यावे.