नागपूर, अमरावती की यवतमाळ? गाव सोडायला निघालेलं एक घर

मी समुपदेशन करते. मार्च लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. “गाव सोडायचं तं ठरलं ताई, पण जावं कुठं?” कापसा-तुरीचे पैसे हाती आलेले असतात, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात आणि घरातलं प्रत्येक माणूस वेगळ्याच शहराचं नाव घेत असतं. लग्न जुळत नाही म्हणून पुण्याला निघालेली तरुण पोरंही हेच विचारतात, पण त्यांचं दुखणं वेगळं आहे, त्यावर पुन्हा कधी लिहीन. इथं एका नांदत्या घराबद्दल सांगते. यवतमाळ जिल्ह्यातलं, नेर तालुक्याच्या बाजूचं घर आहे. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

आठ एकर वावर, म्हणजे शेत. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा. नवरा-बायको चाळिशीच्या आसपासचे, मुलगी नववीत, मुलगा चौथीत, आणि सत्तरी ओलांडलेले सासरे, त्यांना शुगर. आधी एकटी बाईच आली. डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही, तपासण्यांमध्ये काही निघत नाही, म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. बोलता बोलता कळलं की घरात रोज जेवताना शहरावरून भांडण होतं. तिला नागपूर हवं होतं, कारण तिची बहीण तिथं राहते. नवऱ्याचं म्हणणं, शहरातच जायचं तर यवतमाळच्या पुढं नको. चाकणला कंपनीत असलेला दीर फोनवर सांगायचा, तिकडं काय ठेवलंय, सरळ पुण्याला या. आणि मामाजी, म्हणजे सासरे, एवढंच म्हणायचे, “मले कुठंच नेऊ नका.”

पुढच्या वेळी सगळ्यांनाच बोलावलं. आले तेव्हा प्रत्येकाकडे आपापल्या शहराची बाजू तयार होती. नागपुरात एम्स आहे, मेट्रो आहे, विमानतळाजवळ मिहानचं उद्योगक्षेत्र आहे. अमरावतीला विद्यापीठ आहे, शिकवणीचे क्लास आहेत, बडनेऱ्याहून मुंबई-हावडा लाईन मिळते. यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि गाव हाकेवर राहतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण या घराच्या रोजच्या जगण्यात त्यातलं नेमकं काय येणार आहे, हे कोणी बोलत नव्हतं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि चौघांना, म्हणजे नवरा, बायको, मुलगी आणि मामाजींना, बारा महिने लिहिलेला एकेक कागद दिला. म्हटलं, शहराचं नाव विसरा. वर्षातले कोणते दिवस तुम्हाला गावातच असावं लागतं, तेवढ्यावर खूण करा.

नवऱ्याचा कागद जूनपासून भरत गेला. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. दसऱ्यापासून कापसाची वेचणी, बाया मिळतील त्या दिवशी आपण हजर पाहिजे. मग तुरीची कापणी. हरभऱ्याला ओलीत करायचं, म्हणजे पाणी द्यायचं, तर पंपाची वीज आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री, त्यामुळं थंडीत रात्री बाराला उठून बांधावर जायचं. शिवाय रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई. “राखण कोण करन ताई? एका रात्रीत अर्धा एकर साफ करतेत.” ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, करायची तरी मोबाइल घेऊन स्वतः वावरात उभं राहावं लागतं. जानेवारी संपेपर्यंत त्याच्या कागदावर कोरी जागा जवळपास उरलीच नाही. इतके दिवस तो घरात फक्त “जमत नाही” म्हणत होता. का जमत नाही, हे बायकोलाही एवढं तपशिलात त्या दिवशीच दिसलं. पुण्याचा विषय तिथंच मिटला. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून येणारा माणूस ही शेती करू शकत नाही.

मामाजींनी एकच खूण केली, पोळ्यावर. “बैल पोळ्यात कोण नेईन?” एवढंच बोलले आणि कागद परत दिला. मुलीनं काहीच खूण केली नाही आणि बायकोचाही कागद कोरा.

मुलीचं समजण्यासारखं होतं. बायकोला मी नंतर वेगळं बसवून विचारलं, एकही दिवस नाही का? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “सोळा वर्षं झाले ताई, विचारल्याशिवाय एक रुपया माह्या हातानं खर्च केला नाही. डी.एड. करून आली होती मी या घरात.” मुलांचं शिक्षण हे कारण खरंच होतं, पण त्याच्या आड तिचं स्वतःचं कारण दडलेलं होतं. आपल्याकडे बाईनं स्वतःसाठी गाव सोडायचं म्हटलं तर कोणी ऐकून घेत नाही, मुलांसाठी म्हटलं की सगळे ऐकतात. म्हणून ती नागपूरवर अडून बसली होती. शहर जितकं लांब, तितकी आपण मोकळी, असा तिचा हिशेब होता. हे नवऱ्यासमोर बोलायला तिला मधले काही आठवडे लागले. मी घाई केली नाही, आणि तिच्या वतीनं मीही बोलले नाही.

ती बोलली, तेव्हापासून शहराचा वाद सैल पडला. कारण तिला हवं होतं ते नागपूरशिवायही मिळू शकत होतं: स्वतःची कमाई, घरभाडं आणि किराणा तिच्या खात्यातून, आणि खोली तिच्या पसंतीची. नवऱ्यानं लगेच मान डोलावली नाही. सोयाबीन विकल्यावर ठरलेली रक्कम तिच्या खात्यात टाकायची, यावर तो बऱ्याच ओढाताणीनंतर तयार झाला.

मग उरली यवतमाळ आणि अमरावती. नेर दोन्हींना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे, पण अमरावतीचं अंतर यवतमाळच्या दुपटीच्या आसपास. रात्रीचं पाणी देऊन सकाळी मोटारसायकलनं घर गाठायचं, तर यवतमाळ जमतं. बायकोला वेचणीच्या दिवसांत गावी यायचं, तर एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मामाजींनाही वयामुळं अर्धंच लागतं, पंचाहत्तरीनंतर तेही नाही. छोटी गोष्ट वाटते, पण महिन्याच्या जमाखर्चात ती दिसते.

काही गोष्टी मात्र मी या घराला ठामपणे सांगितल्या, आणि त्या सगळ्यांनाच सांगते. वावर विकून शहरात फ्लॅट घेऊ नका. निदान दोन वर्षं भाड्यानं राहून बघा, मग बोला. अकरा महिन्यांचा करार नोंदणी करूनच घ्या. ती नोंदणी करण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकावरच टाकली आहे, आणि शाळेपासून गॅसपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद कामी येतो. खोली बघायला दिवाळीत जाऊ नका, मे महिन्यात भर दुपारी जा. पत्र्याची खोली असेल तर दहा मिनिटांत कळतं. आणि नळ किती दिवसांनी येतो, हे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांचे पाण्यासाठी जे हाल झाले, ते पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. या बाईनं तसंच केलं. एक खोली तिला फार आवडली होती, पण शेजारणीनं अंगणातले भरून ठेवलेले ड्रम दाखवले, आणि ती दुसरी गल्ली बघायला निघाली.

वेळेचंही बघावं लागलं. विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, आणि पेरणीचीही तीच धांदल. सामान हलवायचं ते मेमध्येच. दुसरं, मुलगी दहावीत जाणार होती. दहावीच्या वर्षी शाळा बदलू नये असं माझं मत होतं. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळं दहावी गावाकडच्या शाळेतून करूनही यवतमाळच्या कॉलेजचा फॉर्म भरता येतो. म्हणजे जाणं एक वर्ष पुढं ढकलायचं. बाईला हे अजिबात आवडलं नाही. “पुन्हा माह्याच वाट्याले थांबणं,” ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. त्या वर्षात नवऱ्यानं ठरलेली रक्कम ठरल्या वेळी खात्यात टाकली, म्हणून तिनं ते वर्ष काढलं. झोप हळूहळू परत आली. आली नसती तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणारच होते, कारण दोन-तीन आठवडे झोप आणि भूक दोन्ही गेली तर कोणतंही शहर त्यावर उपाय नसतं. तसं कोणाचं होत असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे.

मामाजींशी मी दोनदाच बोलले असेन. त्यांना कोणी न्यायचंच नाही, असं ठरल्यावर त्यांचा आवाज उतरला. ते लेकासोबत गावातच राहिले. डोळ्यांच्या तपासणीला मात्र यवतमाळला येतात, आणि आले की दोन रात्री नातवाजवळ मुक्काम करतात.

आता मायलेकरं यवतमाळला दोन खोल्यांत राहतात, नेरकडच्या बाजूला. बाई एका खाजगी शाळेत शिकवते. पगार कमी आहे, म्हणून संध्याकाळी शिकवण्या घेते. नागपूरची आठवण अजून काढते, विशेषतः बहिणीशी फोनवर बोलून झालं की. नवरा खरिपात बहुतेक रात्री गावात असतो, आणि मुलगा त्यावरून रुसतो. मुलगी बारावीनंतर अमरावतीला किंवा नागपूरला जायचं म्हणतेय, तेव्हा पुन्हा कॅलेंडर घेऊन बसायचं ठरलंय. रात्रीच्या ओलितातून सुटून हिवाळ्यात घरी राहता यावं म्हणून नवऱ्यानं यंदा हरभरा निम्म्यावर आणला. त्याचा तोटा किती बसतो, ते मार्चमध्ये कळेल.